उकिरडा आणि वजनकाटा

आमच्या जुन्या घराच्या परसात उकिरडा होता. शेणाच्या पाट्या, चुलीतली राख, गोठ्यातली उरलीसुरली वैरण, भाजीची देठं, अंगणातला केर, सगळं त्यात जायचं. वर्षभर खड्डा भरत राही आणि उन्हाळ्यात बैलगाडी लावून तो उपसला जाई. तळाचा थर काळाभोर आणि भुसभुशीत असे. मूठभर हातात घेतला तर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येई. तो रानात पसरायचा. त्याच रानातली ज्वारी पुन्हा घरात यायची, कडबा गोठ्यात जायचा आणि गोठ्यातलं शेण पुन्हा त्याच खड्ड्यात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. आमच्याकडे ते दरवर्षी फिटत.

कापडाचंही तसंच होतं. लुगडं विटलं की त्याची वाकळ शिवली जाई, वाकळ फाटली की तिचं पायपुसणं होई. फाळ झिजला तर लोहाराच्या भात्यासमोर पुन्हा पाजवून घ्यायचा. फुटक्या पितळी तांब्याची मोड देऊन नवा तांब्या आणायचा. 'पुनर्चक्रीकरण' हा जड शब्द मी कितीतरी वर्षांनी वाचला, पण त्याचा अर्थ परसात रोज दिसत होता.

पहिली कॅरीबॅग त्या खड्ड्यात कधी पडली, हे घरात कुणालाच आठवत नाही. कळलं ते फार उशिरा. एके वर्षी शेणखत पसरून झाल्यावर पहिल्या पावसानंतर वखर धरला, तर पासेला चिंध्यांचा गुंता अडकला. त्यात दुधाच्या पिशव्या होत्या, शाम्पूच्या पुड्या होत्या, बियाण्याच्या थैलीचा तुकडा होता. कुजायचं ते सगळं कुजलं होतं आणि हे तेवढं जसंच्या तसं होतं. उकिरडा आपलं काम पहिल्यासारखंच करत होता. त्यात काय टाकायचं, हे आपण विसरलो होतो. हे पुस्तक लिहिण्यामागे तो वखराला अडकलेला गुंता आहे.

आमचं अहमदपूर हे बालाघाटच्या रांगेतलं, लातूर आणि नांदेड यांच्या मधलं तालुक्याचं गाव. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर होती. आता महामार्गाच्या दोन्ही बाजूंनी वस्ती वाढली आहे. मोठ्या शहरांच्या कचऱ्यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण महाराष्ट्राचा कचरा मुंबई-पुण्यातच तयार होतो असं थोडंच आहे? आपल्यासारख्या शेकडो गावांत परसातला उकिरडा बुजला आणि दारात घंटागाडी आली. या दोन गोष्टींच्या मधल्या काळात आपल्याला कचऱ्याबद्दल जे शिकायला हवं होतं, ते राहून गेलं. शाळेतली मुलं आणि बचत गटातल्या बाया यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढची प्रकरणं लिहिली आहेत. त्यांत जे आहे, त्यातलं निम्मं मी एका भंगाराच्या दुकानात बसून शिकलो.

त्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, प्लास्टिक हातात घेतात, वाकवतात, नखाने ओरखडा काढतात, कधी फरशीवर आपटून आवाज ऐकतात आणि मग बरोबर त्या ढिगावर फेकतात. मला सुरुवातीला तीनच ढीग दिसले होते. त्यांनी एकेक करून अकरा दाखवले. पाण्याच्या बाटल्यांचा वेगळा, त्यांच्या झाकणांचा वेगळा, बादल्या-टपांचा वेगळा, दुधाच्या पिशव्यांचा वेगळा, पाइपाच्या तुकड्यांचा त्याहून वेगळा. "सर, हे सगळं तुम्हाला एकच दिसतं. आम्हाला एक दिसलं तर आम्ही बुडलो," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. पाण्याच्या बाटलीवर त्रिकोणात १ हा आकडा असतो, त्या प्लास्टिकला पेट म्हणतात. टप, डबे आणि औषधाच्या कडक बाटल्या बहुधा २ किंवा ५ आकड्याच्या असतात. पाइपाचं पीव्हीसी ३ आणि मऊ पिशव्यांचं ४. हे सगळे वेगवेगळे पदार्थ आहेत. प्रत्येकाचा वितळण्याचा अंश निराळा आणि एकात दुसरं मिसळलं की दोन्ही बिघडतात. पेट वितळायला साधारण अडीचशे अंशांच्या वर उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही. त्यातून तिखट आम्लाची वाफ निघते आणि सबंध घाणा पिवळा पडून कुचकामी होतो. पोतंभर बाटल्यांत पाइपाचे चार तुकडे राहिले तरी हे होऊ शकतं.

एक प्रयोग घरी करून पाहावा. पाण्याची रिकामी बाटली कात्रीने कापून तिचे बारीक तुकडे करावेत, झाकणाचेही करावेत आणि सगळे मिसळून बादलीतल्या पाण्यात टाकावेत. थोडं ढवळलं की बाटलीचे तुकडे तळाला जातात आणि झाकणाचे वर तरंगतात. पेट पाण्यापेक्षा जड, झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं. मोठ्या कारखान्यांत हौदावर हौद लावून हेच करतात. सातवीच्या मुलांसमोर मी हा प्रयोग केला तेव्हा दोन मिनिटं वर्ग गप्प झाला होता. एकाच बाटलीत दोन प्लास्टिकं असतात, हे त्यांनी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

निवडून झालं की माल धुतात आणि यंत्रात घालून त्याचे तुकडे करतात. धंद्यात त्याला गिट्टी म्हणतात. गिट्टी वितळवून बारीक जाळीतून दाबली की शेवयांसारखे धागे निघतात, ते पाण्यात गार करून तोडले की दाणा तयार होतो. बाटलीच्या पेटपासून पॉलिस्टरचा धागा होतो आणि उशीत भरायचा कापूसही. कडक प्लास्टिकच्या दाण्यापासून पाइप, घमेली, टोपल्या. मालेगावला गिट्टी आणि पाइपांचा मोठा धंदा आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला चटईचा उद्योग तर सर्वांना माहीत आहे. लग्नाच्या मांडवात आपण ज्या रंगीत चटईवर पंगतीला बसतो, तिच्यात कुणाच्या तरी घरची फुटकी बादली असू शकते. मात्र लोखंडासारखं हे कितीही वेळा करता येत नाही. प्लास्टिक दर फेरीला थोडं कमजोर होतं, म्हणून बाटलीची पुन्हा बाटली होण्यापेक्षा तिचा धागा होणं जास्त घडतं. धाग्याचं पुढे काय, या प्रश्नाला अजून पुरेसं उत्तर नाही.

लोखंडाची गोष्ट माझ्या आवडीची आहे, कारण ती मराठवाड्यातच पुरी होते. मोडलेलं पेरणीयंत्र, गंजलेला पत्रा, सायकलची चौकट हे सगळं इथल्या काट्यावर चढतं आणि दोन-तीन हातांतून फिरत दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या जालन्याला पोचू शकतं. जालना हे राज्यातलं सळईचं मोठं केंद्र आहे. तिथल्या भट्टीत ज्वाळा दिसत नाही. भट्टीभोवती तांब्याचं वेटोळं असतं, त्यातून वीज खेळवली की आतल्या लोखंडातच प्रवाह निर्माण होतो आणि ते आपल्याच उष्णतेने वितळतं. सोळाशे अंशांच्या आसपास त्याचा पांढराशुभ्र रस होतो. तो ओतून लांब ठोकळे पाडतात आणि ठोकळे रुळांखालून दाबत नेले की सळई होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर आपल्या भागात घर म्हणजे सळई आणि स्लॅब हेच मनात बसलं. त्या सळईतलं किती लोखंड आधी कुणाच्या शेतात फिरून आलं असेल!

एक टन भंगारापासून पोलाद केलं तर सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशोब आहे. खनिज म्हणजे आकडा नव्हे. आपल्या राज्यात ते गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरातून निघतं आणि तो डोंगर जंगलाने झाकलेला आहे. अहमदपुरातला गंजका पत्रा नाल्यात पडून राहिला काय आणि काट्यावर गेला काय, याचा त्या जंगलाशी संबंध आहे. अॅल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या जर्मनच्या भांड्यांचा, हिशोब याहून ठळक आहे. खनिजापासून नवं अॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुनं वितळवून वापरता येतं. चेपलेल्या पातेल्याला भंगारात चांगला भाव मिळतो तो यामुळेच.

कागद आणि काच यांच्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे एवढंच. रद्दी पाण्यात घुसळून लगदा करतात, त्यातल्या पिना आणि चिकटपट्ट्या गाळतात आणि पुन्हा ताव ओढतात. तंतू दर वेळी आखूड होत जातो, त्यामुळे पाच ते सात फेऱ्यांनंतर कागद थकतो. काच मात्र थकत नाही. पण कागद तेलकट झाला की लगद्याला चालत नाही आणि काच फुटून मातीत मिसळली की कुणी उचलत नाही.

इथे आपल्या स्वयंपाकघराकडे यावं लागतं. आपल्या घरांतल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला असतो. उरलेलं वरण आपण दुधाच्या पिशवीत ओततो, पिशवीला गाठ मारतो, ती वह्यांच्या कागदांवर टाकतो आणि वरून चहाचा चोथा. त्या एका मिनिटात पिशवीचा भाव गेला, कागदाचा भाव गेला आणि वरणाचं खत व्हायचंही राहिलं. तिन्ही वस्तू पाच मिनिटांपूर्वी कामाच्या होत्या. कचरा ही वस्तू नाही, ती एक कृती आहे, असं मला गेल्या काही वर्षांत वाटू लागलं आहे. कुठली गोष्ट कशात मिसळली, त्यावर ती कचरा झाली की नाही हे ठरतं.

अशी मिसळलेली गाठोडी कचरा डेपोवर एकावर एक पडतात. ढिगाच्या पोटात हवा जात नाही. तिथे ओला कचरा सडतो तेव्हा मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो आणि तो पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहातून दिसला होता. ढिगातून पाझरणारं काळं पाणी विहिरींकडे जातं. आपल्या विभागाने याचं सर्वांत कडू रूप फेब्रुवारी २०१८ मध्ये पाहिलं. तेव्हाच्या औरंगाबादजवळ नारेगाव परिसरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसल्यानंतर कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. जिथे नवी जागा शोधावी तिथे लोक विरोधाला उभे राहिले आणि मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेकीपर्यंत गोष्ट गेली. शहराचा कचरा पोटात घेणाऱ्या गावाचं नाव शहराला तोवर माहीतही नसतं. लातूरचा कचरा जिथे जातो ते वरवंटी लातूरकरांना ऐकून ठाऊक असेल. अहमदपूरच्या वाचकाने आपल्या घंटागाडीमागे एकदा शेवटपर्यंत जाऊन पाहावं. आमच्या विद्यार्थ्यांनी ते केलं आणि परत आल्यावर सगळ्यांत आधी त्यांनी शाळेत डबे धुवायच्या जागेजवळ दोन बादल्या मांडल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यांच्याशिवाय हे चक्र एक दिवसही फिरत नाही, त्यांच्याविषयी. पहाटे पाठीवर पोतं टाकून निघणाऱ्या बाया आपण सगळेच पाहतो. त्या बहुतेक दलित किंवा भटक्या समाजातल्या असतात. घाण कुणी उचलायची हे आपल्याकडे जन्माने ठरवलं गेलं. आज वस्तू बदलल्या तरी ते पोतं त्याच पाठींवर आहे. हे न बोलता पर्यावरणावर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला, मैल्यापासून खत करण्याचे आणि मेलेल्या जनावरांच्या विल्हेवाटीचे प्रयोग स्वतःच्या हातांनी केले. त्यामागे त्यांना हीच गाठ सोडवायची होती. घाण सगळ्यांची असेल तर तिला हात लावणंही सगळ्यांचं काम.

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरावेचकांनी संघटित होऊन आपलं काम हे काम आहे, चोरी किंवा भीक नाही, असं ठणकावून सांगितलं. ओळखपत्रं मिळवली, आरोग्यविम्यासाठी लढा दिला आणि घरातच कचरा वेगळा करून आमच्या हातात द्या, असा आग्रह धरला. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते आहे. या पंचायतीच्या सभासदांत दुष्काळाने मराठवाडा सोडून गेलेल्या कुटुंबांतल्या बाया पुष्कळ आहेत. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडे खडी फोडण्याच्या आठवणींनी सांगितला जातो. त्याचा एक धागा पुण्याच्या कचराकुंडीपर्यंत गेला आणि तिथून संघटनेपर्यंत, हे इथल्या मुलांना कळायला हवं.

आमच्या गावातल्या एका मावशींना मी विचारलं, की पुस्तकात तुमच्याकडून काय लिहू? त्यांनी वेळ घेतला नाही. "काच कागदात गुंडाळून द्या म्हणावं. अन् बायांचे पॅड उघडे टाकू नका, त्याच्यावर खूण करा. बाकी आम्ही बघतो." हात पुढे करून त्यांनी तळव्यावरचे व्रण दाखवले.

लहान गावाला हे जमतं का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी वेंगुर्ल्याचं उदाहरण आहे. सिंधुदुर्गातल्या या छोट्या नगरपरिषदेने घरोघरी वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली, सुक्याचे अनेक प्रकार पाडले, ओल्यापासून वायू आणि खत केलं. जिथे नाक दाबून जावं लागे त्या डेपोच्या जागी बाग झाली आणि लोक ती पाहायला येऊ लागले. वेंगुर्ला अहमदपुरापेक्षा लहान आहे. तिथे समुद्र आहे आणि आपल्याकडे माळ, एवढ्याने हे काम अवघड होत नाही.

पण मला वाचकाला खोटी आशा द्यायची नाही. चाचांच्या दुकानात अकरा ढिगांपलीकडे एक बारावा कोपरा आहे. तिथे कुरकुऱ्यांची पाकिटं, बिस्किटांचे चकचकीत पुडे, शाम्पूच्या एक रुपयाच्या पुड्या पडलेल्या असतात. चुकून पोत्यातून आलेल्या. त्यांना भाव नाही. एका पापुद्र्यात प्लास्टिक, त्यावर अॅल्युमिनियमचा थर, त्यावर पुन्हा दुसरं प्लास्टिक, असं ते घट्ट चिकटवलेलं असतं. ते वेगळं करायला जो खर्च येतो, तो निघालेल्या मालाच्या किमतीत भागत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून ते जाळतात. त्यासाठी ते गोळा करून दूर न्यावं लागतं आणि बिनभावाचं कोण वाहून नेणार? १९५० पासून २०१५ पर्यंत जगात सुमारे ८.३ अब्ज टन प्लास्टिक तयार झालं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं, असं २०१७ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाने दाखवलं. आपल्या वखराला अडकलेला गुंता उरलेल्यांपैकी आहे. अशा पुड्यांसाठी पुनर्चक्रीकरण हा उपाय आज नाही. त्या घरात कमी याव्यात, आणि ज्यांनी बनवल्या त्यांनी त्या परत घ्याव्यात. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलेलीच आहे. तिच्या अंमलबजावणीची विचारणा ग्राहकांनी करायला हवी.

आणखी एक गोष्ट काळजीने सांगतो. वायरमधलं तांबं काढायला वायर पेटवू नये. वरच्या पीव्हीसीच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात आणि तो धूर पेटवणाऱ्याच्या लेकराच्या छातीत आधी जातो. इन्व्हर्टरची बॅटरी फोडूनही शिसं काढू नये. लोडशेडिंगने आपल्या घराघरांत बॅटऱ्या आणल्या आहेत. जुनी बॅटरी विक्रेत्याने परत घ्यावी, असा नियम देशात २००१ मध्ये आला; २०२२ च्या नियमांपासून ती जबाबदारी उत्पादकावर आहे. ती दुकानात बोलून दाखवावी. शिसं सव्वातीनशे अंशांना, म्हणजे साध्या भट्टीतही वितळतं. त्यामुळे कुणीही ते घरामागे वितळवू शकतो आणि म्हणूनच ते इतकं धोक्याचं आहे.

पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता आहे. वस्तूचं नाव, ती ओळखायची खूण, ती घरात कशी ठेवायची आणि शेवटच्या रकान्यात तिचा किलोचा भाव. छापायला देण्याआधी मी तो तक्ता चाचांना आणि त्या मावशींना वाचून दाखवला. खुणा दोघांनी तपासल्या, दोन दुरुस्त्या केल्या. भावाचा रकाना ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, "हे खोडा सर. भाव महिन्याला बदलतो. वाचणाऱ्याला म्हणावं, दुकानात जा, काट्यापाशी उभं राहा, विचारा." म्हणून तो रकाना कोरा ठेवला आहे. पेन्सिलीने भरायला जागा पुरेल एवढा रुंद.